घर रूथने बांधलं, सातबारा कुणाच्या नावावर?

न्यूयॉर्कच्या अटलांटिक रेकॉर्ड्स या कंपनीला एक टोपणनाव होतं: 'रूथने बांधलेलं घर'. मुळात हे नाव बेब रूथ या बेसबॉलपटूमुळे तिथल्या एका स्टेडियमला पडलेलं. लोकांनी तेच कौतुकाने या कंपनीला चिकटवलं. इथली रूथ म्हणजे रूथ ब्राउन, ऱ्हिदम अँड ब्लूजची गायिका. १९५० च्या आगेमागे ती या कंपनीची सगळ्यात जास्त खपणारी कलावंत होती. हीच बाई १९६० च्या दशकात लाँग आयलंडवर शाळेची बस चालवत होती, लोकांच्या घरी कामाला जात होती, पाळणाघरात मुलं सांभाळत होती. आणि कंपनीच्या वहीत तिच्याच नावावर बाकी निघत होती.

मी हैदराबादला समाजशास्त्रात पीएच.डी. करते. गेल्या हिवाळ्यात एका सेमिनारमध्ये पाहुणे म्हणून आलेल्या एका अभ्यासकांनी ब्लॅक संगीतावर भाषण दिलं. मध्येच त्यांनी रूथ ब्राउनची एक रेकॉर्ड लावली, डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, अपमानाचं सौंदर्यात रूपांतर कसं होतं ते पाहा, वेदनेशिवाय असा आवाज येत नाही. सभागृह भारावून गेलं होतं. प्रश्नोत्तरात मी विचारलं, या रेकॉर्डचे पैसे कुणाला मिळाले? लोक हसले. हा अर्थशास्त्राचा प्रश्न झाला, आपण संस्कृतीबद्दल बोलतोय, असं उत्तर आलं. चहाच्या वेळी एका मैत्रिणीने हळूच सांगितलं, अगं, तू फारच कोरडं विचारलंस.

तो कोरडा प्रश्न मी इथे पुन्हा विचारते आहे. कारण 'वेदनेतून जन्मलेला आवाज' ही गोष्ट मला खोटी वाटते आणि ती सांगणाऱ्यांच्या सोयीची वाटते. आवाज वेदनेतून आला असं एकदा म्हटलं की तो कुणी कमावला, कुणी शिकवला आणि कुणी विकला हे विचारायची गरजच उरत नाही.

रूथचा जन्म १२ जानेवारी १९२८ चा. गाव पोर्ट्समथ, राज्य व्हर्जिनिया. जहाजांच्या गोदीचं, नौदलाचं गाव. वेगळ्या शाळा, वेगळ्या वस्त्या, सगळं वर्णभेदाच्या कायद्याने आखून दिलेलं. जन्माचं नाव रूथ ऑल्स्टन वेस्टन. सात भावंडांत थोरली. वडील लिओनार्ड वेस्टन गोदीत हमाली करायचे आणि चर्चमधल्या गायकवृंदाचे प्रमुखही होते. उन्हाळ्यात पोरांची रवानगी नॉर्थ कॅरोलिनात आजी-आजोबांच्या शेतावर व्हायची, तिथे कापूस वेचायचा. आपल्यापैकी ज्यांच्या सुट्ट्या कापूस वेचण्यात गेल्या आहेत त्यांना बोंडाच्या टोकाने बोटं कशी फाटतात हे सांगायला नको.

आता यात 'वेदना' शोधायची तर भरपूर सापडेल. पण गाणं कुठून आलं ते बघा. दिवसभर ओझी उचलणारा एक माणूस संध्याकाळी वीस-तीस जणांना एका सुरात आणायचं काम करत होता. ते काम तो फुकट करत होता आणि चोख करत होता. त्याच्या हाताखाली एक मुलगी रोज बसत होती. पाश्चात्त्य स्वरलिपी तिला वाचता येत नसे, पण कान तयार होता. याला शिक्षण म्हणतात. आपल्याकडे कुणा खाँसाहेबांच्या घरातलं पोर असं तयार झालं की 'तालीम' म्हणतात, घराणं म्हणतात. हमालाच्या पोरीने तेच केलं की ते 'उपजत' ठरतं, 'रक्तातच' असतं. हा भेद कोण करतं आणि का करतं, हे मात्र समाजशास्त्राच्या वर्गात विचारायला हरकत नसावी.

वडिलांनाही मी देव करणार नाही. चर्चबाहेरचं गाणं म्हणजे सैतानाचं गाणं, असं त्यांचं मत होतं. पोरीला मात्र सारा वॉन, बिली हॉलिडे आणि डायना वॉशिंग्टन यांच्या गाण्याचं वेड. महायुद्धाचे दिवस होते, पोर्ट्समथ आणि शेजारचं नॉरफोक खलाशांनी, सैनिकांनी भरलेलं. रूथ घरी सांगायची की गायकवृंदाच्या सरावाला चालले, आणि जायची सैनिकांच्या करमणुकीच्या कार्यक्रमात गायला. घरच्यांना न कळू देता ती न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमध्ये हौशी गायकांच्या स्पर्धेतही उतरली आणि जिंकली.

अपोलोबद्दल एक आडवाटेची गोष्ट सांगते. ही इमारत उघडली १९१४ साली. म्हणजे बाबासाहेब तिथून जेमतेम अर्ध्या तासाच्या चालीवर कोलंबिया विद्यापीठात शिकत होते तेव्हा. त्या वेळी ते दुसऱ्याच नावाचं थिएटर होतं आणि तिथे काळ्या प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. १९३४ साली ते अपोलो झालं आणि दार उघडलं. पुढे जून १९५२ मध्ये बाबासाहेब मानद पदवी घ्यायला पुन्हा कोलंबियात गेले, त्याच वर्षी रूथचं एक गाणं ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिलं होतं. योगायोग आहे, त्याहून जास्त काही नाही. पण परदेशी संगीताचा विषय निघाला की 'याचा आपल्याशी काय संबंध' असं विचारणारे आपल्यातही आहेत, म्हणून लिहिलं.

१९४५ मध्ये, सतरा वर्षांची असताना, रूथ जिमी ब्राउन नावाच्या ट्रम्पेटवादकाबरोबर घरातून पळून गेली. लग्न केलं. मग कळलं की याचं आधीच एक लग्न झालेलं आहे, म्हणजे हे लग्न कायद्याने उभंच राहत नाही. नाव मात्र तिने ब्राउनच ठेवलं. पुढे लकी मिलिंडर या नावाजलेल्या बँडप्रमुखाने तिला घेतलं. महिनाभरच. बँडमधल्या वादकांना तिने पेयं आणून दिली एवढ्या कारणावरून त्याने तिला वॉशिंग्टनमध्ये काढून टाकलं, वर ऐकवलं की तुला तसंही गाता येत नाही. परक्या शहरात, खिशात पैसे नाहीत.

मिलिंडर गोरा नव्हता. जिमी ब्राउनही नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे अशी कहाणी सांगताना हा भाग वगळायची पद्धत आहे. समाजातल्या पुरुषाने बाईला रस्त्यावर सोडलं हे सांगितलं की चळवळ दुबळी होते असं काहींना वाटतं. माझा अनुभव उलट आहे. ते लपवल्याने दुबळी होते. आणि त्या रस्त्यावरून रूथला उचलून घेणारी होती ब्लांच कॅलोवे, तीही ब्लॅक. १९३० च्या दशकात सगळे पुरुष वादक असलेला बँड स्वतःच्या नावावर चालवलेली बाई. तिचा भाऊ कॅब कॅलोवे जगाला माहीत आहे, ती नाही. ब्लांचने रूथला वॉशिंग्टनच्या क्रिस्टल कॅव्हर्न्स या क्लबात गायला लावलं आणि तिची मॅनेजर झाली. तिथे विलिस कोनोव्हर या रेडिओवाल्याने तिला ऐकलं आणि अटलांटिकच्या मालकांना कळवलं.

आता ते मालक. अहमत एर्तेगुन हा अमेरिकेतल्या तुर्की राजदूताचा मुलगा. जोडीला हर्ब अब्रामसन. १९४७ मध्ये कंपनी काढली तेव्हा एर्तेगुनने त्याच्या ओळखीच्या एका दंतवैद्याकडून दहा हजार डॉलर उसने घेतले होते. हा आकडा लक्षात ठेवा. हे कर्ज होतं, खरोखरचं, दुसऱ्याच्या खिशातून आलेलं.

ऑक्टोबर १९४८. अपोलोतल्या कार्यक्रमासाठी आणि कंपनीला भेटण्यासाठी रूथ न्यूयॉर्ककडे निघाली. वाटेत पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टर गावाजवळ गाडीला अपघात झाला. दोन्ही पाय चिरडले. बरेच महिने इस्पितळात काढावे लागले, पाय पुढे जन्मभर त्रास देत राहिले. १२ जानेवारी १९४९ ला, तिच्या एकविसाव्या वाढदिवशी, एर्तेगुन इस्पितळात आला. येताना स्वरलिपी वाचायला शिकवणारं पुस्तक आणि सूर लावायची छोटी पाइप भेट म्हणून घेऊन आला. खाटेवर पडल्यापडल्या तिने करारावर सही केली. इस्पितळाच्या बिलालाही कंपनीने हातभार लावला.

हा प्रसंग सगळीकडे प्रेमाने सांगितला जातो, आणि माणूस म्हणून एर्तेगुन वाईट होता असं मीही म्हणणार नाही. त्याला त्या संगीताची खरी ओढ होती. त्या काळच्या इतर कंपन्यांच्या मानाने अटलांटिक बरी, असं कलावंतही सांगत. म्हणूनच मी या कंपनीचं उदाहरण घेतलं. लुच्चा मालक ओळखायला सोपा असतो. चांगला मालक भेट घेऊन येतो, तब्येत विचारतो, आणि कराराचा कागद पुढे करतो. पाय मोडलेल्या, उत्पन्न बुडालेल्या एकवीस वर्षांच्या मुलीने अशा वेळी कलमं वाचून 'मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी कुणाची' असं विचारावं का? विचारलं असतं तर तिला काय म्हटलं असतं? बहुतेक हेच की, किती कोरडं विचारतेस.

करार कसा चालायचा ते समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गायकाला विक्रीच्या किमतीतली काही थोडी टक्केवारी रॉयल्टी म्हणून मिळणार असं कागदावर असतं. पण ती हातात येण्याआधी स्टुडिओचं भाडं, वादकांचं मानधन, आगाऊ दिलेली रक्कम, हा सगळा खर्च गायकाच्या त्या थोड्या टक्क्यांतून वळता करायचा. कंपनीच्या मोठ्या वाट्यातून नाही. खर्च वळता होईपर्यंत गायक 'देणेकरी'. पुढचं गाणं रेकॉर्ड झालं की नवा खर्च चढतो. वही कंपनीची, लिहिणारा कंपनीचा. आणि समजा सगळा खर्च फिटला, तरी रेकॉर्डची मालकी कंपनीचीच राहते. सालगड्याच्या मजुरीतून पैसे कापून विहीर खोदायची आणि पाणी लागल्यावर विहीर मालकाच्या नावावर लावायची, असा हा प्रकार. मराठवाड्यातल्या माणसाला यापेक्षा जास्त समजावून सांगावं लागू नये.

भरीला अमेरिकेतल्या कायद्याचा एक गमतीशीर अन्याय: रेडिओवर गाणं वाजलं की पैसे गीतकार-संगीतकाराला. गाणाऱ्याला काही नाही. आजही नाही.

मे १९४९ मध्ये रूथची पहिली रेकॉर्ड झाली, तेव्हा ती कुबड्यांवर होती. ती रेकॉर्ड यादीत पहिल्या दहांत गेली. १९५० मध्ये 'टिअरड्रॉप्स फ्रॉम माय आइज' हे गाणं ११ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. १९४९ ते १९५५ या काळात तिची गाणी मिळून १४९ आठवडे त्या यादीत होती, पाच गाणी पहिल्या क्रमांकावर. फ्रँकी लेन या गोऱ्या गायकाने तिला 'मिस ऱ्हिदम' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. पदव्या देण्यात कुणीच कंजुषी केली नाही.

या यादीचंही एक नामकरण आहे. अमेरिकी संगीतधंद्याचं मासिक म्हणावं असं साप्ताहिक म्हणजे बिलबोर्ड. त्यात काळ्यांच्या रेकॉर्डची वेगळी यादी छापत. तिचं नाव होतं 'रेस रेकॉर्ड्स'. जून १९४९ मध्ये, रूथचं पहिलं गाणं बाजारात येत असतानाच, ते नाव बदलून 'ऱ्हिदम अँड ब्लूज' केलं गेलं. नाव सुचवणारा जेरी वेक्सलर हा तिथला तरुण पत्रकार. त्याचा हेतू चांगला होता, जुनं नाव त्याला अपमानकारक वाटत होतं. नाव बदललं. यादी वेगळीच राहिली. आणि १९५३ मध्ये वेक्सलर अटलांटिकमध्ये भागीदार झाला. नावं बदलून हृदयपरिवर्तन घडवण्याचे प्रयोग आपल्या आजी-आजोबांनी पाहिले आहेत, 'हरिजन' म्हणवून घ्यायला त्यांनी का नकार दिला हेही आपल्याला माहीत आहे, तेव्हा यावर जास्त लिहीत नाही.

वेगळी यादी म्हणजे वेगळा बाजार, वेगळा दर. काळ्या गायिकेचं गाणं चाललं की काही आठवड्यांत गोरी गायिका तेच गाणं गाई, आणि मोठ्या रेडिओ केंद्रांवर, मोठ्या दुकानांत तेच जाई. रूथचं 'ओह व्हॉट अ ड्रीम' पॅटी पेजने गायलं, 'माम्बो बेबी' जॉर्जिया गिब्सने. अटलांटिकचीच दुसरी गायिका लाव्हर्न बेकर, तिचं 'ट्वीडल डी' गिब्सने जवळजवळ जसंच्या तसं उचललं. चाल आणि शब्द गीतकाराचे, म्हणून त्याला दोन्हीकडून पैसे. पण शब्द कुठे तोडायचा, सूर कुठे पिळायचा, हे जे गायिकेचं स्वतःचं असतं त्याला कायदा मालमत्ताच मानत नव्हता. बेकरने १९५५ मध्ये आपल्या भागातल्या काँग्रेस-सदस्याला पत्र लिहून कायदा बदलायची मागणी केली. काही झालं नाही. तिचा दुसरा किस्सा मला फार आवडतो: विमानप्रवासाला निघताना तिने विमा काढला आणि वारस म्हणून जॉर्जिया गिब्सचं नाव घातलं. माझं विमान पडलं तर बिचारी गाणार काय, म्हणून. ही 'वेदना' नाही, हा हिशोब आहे. सेमिनारमध्ये असे किस्से सांगत नाहीत.

मग पोट कशावर चालायचं? दौऱ्यांवर. दक्षिणेतली राज्यं, तंबाखूची गोदामं, धान्याची कोठारं. मध्ये दोर बांधलेला, एका बाजूला गोरे आणि दुसऱ्या बाजूला काळे, दोघंही त्याच तालावर. उतरायला हॉटेल मिळत नाही, गाडीतच कपडे बदलायचे. रेकॉर्ड ही त्या दौऱ्याची जाहिरात, असं कलावंतांना सांगितलं जाई. म्हणजे रेकॉर्डचे पैसे मागू नका, तिच्यामुळे काम मिळतंय ना? आपल्याकडे याला 'एक्स्पोजर' म्हणतात. भाषांतर, संशोधन सहाय्य, परिषदेची सगळी धावपळ, हे काम आपल्यापैकी किती जण 'सीव्हीत लिहिता येईल' एवढ्या मोबदल्यावर करतात ते ज्याने त्याने मोजावं.

१९६१ मध्ये रूथने अटलांटिक सोडली. तोवर गाण्याची हवा बदलली होती. दोन मुलगे वाढवायचे होते. मग ती बस, ती घरकामं, ते पाळणाघर. तिने या कामांची कधी लाज बाळगली नाही आणि आपणही त्याला 'अधःपतन' म्हणू नये. बस चालवणं हे सन्मानाचं काम आहे, त्याचा पगार तरी दर आठवड्याला मिळतो.

१९६७ मध्ये एर्तेगुन आणि भागीदारांनी अटलांटिक विकली. किंमत १ कोटी ७५ लाख डॉलर.

दंतवैद्याचे दहा हजार आठवतात ना? एका माणसाने कर्ज घेतलं, ते फिटलं, आणि तो वीस वर्षांत घराचा मालक म्हणून घर विकून मोकळा झाला. दुसरीने कर्ज घेतलंच नव्हतं, तिच्याच कामाचा खर्च तिच्या नावावर टाकला होता. तिने सुमारे शंभर गाणी गायली तरी ते फिटलं नाही. कर्ज कुणाला मालक करतं आणि कुणाला कायमचा देणेकरी ठेवतं, हे कर्जाच्या रकमेवर ठरत नाही. वही कुणाच्या हातात आहे यावर ठरतं.

पुढची गोष्ट मी थोडक्यात सांगते, कारण ती सगळ्यांना आवडते. रेड फॉक्स या विनोदी नटाने १९७० च्या दशकात तिला पुन्हा रंगमंचावर आणलं. १९८८ मध्ये 'हेअरस्प्रे' सिनेमा, १९८९ मध्ये ब्रॉडवेवरच्या 'ब्लॅक अँड ब्लू'साठी टोनी पुरस्कार, मग ग्रॅमी, १९९३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम. आपल्या ग्रुपवर 'संघर्षातून शिखराकडे' या मथळ्याखाली फिरतं ते एवढंच. खाली पंधरा-वीस निळी हृदयं.

त्या मथळ्यात न बसणारी गोष्ट अशी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हॉवेल बेगल नावाचा वॉशिंग्टनचा एक वकील आपल्याकडच्या तिच्या जुन्या रेकॉर्ड सहीसाठी घेऊन आला. लहानपणापासूनचा चाहता. बोलता बोलता निघालं की या रेकॉर्ड अजून विकल्या जातात, लोक चढी किंमत देऊन घेतात, आणि रूथला त्यातलं काही मिळत नाही. त्याने वकिलीचे पैसे न घेता प्रकरण हातात घेतलं. कंपनीचं म्हणणं, उलट यांच्याकडूनच येणं आहे. कित्येक वर्षं पत्रव्यवहार, हिशोबाच्या मागण्या, वर्तमानपत्रं. एका गायिकेचं प्रकरण बघता बघता त्या पिढीतल्या सगळ्यांचं झालं. १९८८ मध्ये कंपनी वाकली. रूथ आणि तिच्या काळातले आणखी ३५ कलावंत यांच्या नावावरची जुनी बाकी रद्द केली, मागच्या सुमारे वीस वर्षांची रॉयल्टी द्यायचं कबूल केलं, आणि ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन सुरू करायला जवळपास २० लाख डॉलर दिले. 'शेक, रॅटल अँड रोल' गाणारा बिग जो टर्नर, अटलांटिकचा तितकाच मोठा आवाज, १९८५ मध्येच वारला होता.

ही लढाई मोठी आहे, ती मी कमी लेखत नाही. स्वतःपुरतं न घेता ३५ जणांना बरोबर घेणं हे तिच्या कोणत्याही पुरस्कारापेक्षा मोठं. फाउंडेशनने आजारी, म्हाताऱ्या गायकांना मदत केली, तिला त्याचा अभिमान होता. पण दोन गोष्टींवर माझं बोट अडतं.

पहिली: 'बाकी माफ'. माफी त्याला मिळते ज्याने काही घेतलं किंवा काही चुकलं. इथे चुकलं कोण? वीस वर्षं मागे गेलं तर १९६८ येतं. ज्या १४९ आठवड्यांवर घर उभं राहिलं ते सगळे त्याच्या आधीचे. ती जुनी वही पाटी पुसावी तशी पुसली गेली. पुसताना कंपनी उदार दिसली.

दुसरी: फाउंडेशन. त्यातून मिळतं ते अनुदान, सहाय्य, पुरस्कार. अर्ज करावा लागतो किंवा निवड व्हावी लागते. मजुरीला अर्ज लागत नाही. ज्याचं देणं होतं तो एका रात्रीत देणगीदार झाला, त्याचं नाव फलकावर गेलं. हक्काची रक्कम दानाच्या पाकिटात घालून दिली की घेणाऱ्याला आभार मानावे लागतात.

माझी फेलोशिप एकदा नऊ महिने अडकली होती. त्याच नऊ महिन्यांत विभागाच्या माहितीपत्रकावर माझा फोटो होता, 'वंचित घटकांतील संशोधक' या मजकुराशेजारी. फेलोशिपचं विचारायला गेले तर कारकून म्हणाला, मॅडम, तुमचं तर किती कौतुक चाललंय. मला त्या दिवशी काही सुचलं नाही. रूथ ब्राउनबद्दल वाचलं असतं तर सुचलं असतं.

आणि ही अमेरिकेतली जुनी गोष्ट आहे असं कुणाला वाटत असेल तर माझ्या मामांबद्दल सांगते. मामा नांदेडकडचे, जयंतीच्या कार्यक्रमांत भीमगीतं गातात. १९९० च्या दशकात एका कॅसेट कंपनीने त्यांची आठ गाणी एका दिवसात रेकॉर्ड करून घेतली. हातात काही रोख, जेवण आणि पंचवीस कॅसेट. त्या गाण्यांना आज यूट्यूबवर लाखांनी लोक ऐकतात, चॅनल भलत्याच कुणाचं. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गायकाला व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क दिला आहे. मामांना ते कुणी सांगितलं नव्हतं. घरात भिंतीवर सत्काराचे फोटो आहेत, शाली एका पेटीत आहेत.

हा लेख लिहिताना मी त्यांना फोनवर रूथची सगळी कहाणी सांगितली. मला वाटलं अपघाताचं ऐकून हळहळतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिच्याकडं सही केलेला कागद होता का?"

होता म्हटलं.

"माझ्याकडंबी होता एक. हिरव्या शाईत लिहिलेला. तुझ्या मामीला पेटी उघडायला लावतो. तू येशील तवा वाचून दाखव."